कंट्रोलर साहेबांची टिटवी

ऐन मे महिन्यात, अंबडच्या जुन्या कचेरीमागच्या बागेत, मी खड्यांवर छत्री धरून बसलो होतो. खडे म्हणजे साधे खडे, रस्त्यावर असतात तसले. मला ती टिटवीची अंडी वाटली होती. पेशानं मी चित्रकलेचा शिक्षक. पाचवीच्या मुलांना पहिल्याच तासाला मी अंडं काढायला लावतो. त्याच्यावर उजेड कुठून पडतो, सावली कुठं गडद होते, हे फळ्यावर खडूनं काढून दाखवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं दुसऱ्याकडून ऐकून कुणी मला विचारायला येणार नाही.

पण या सगळ्यात माझा वाटा त्या छत्रीच्या दांड्याएवढाच. सांगायचंय ते ती छत्री ज्यांनी माझ्या हातात दिली त्यांच्याबद्दल, म्हणजे आमच्या तेव्हाच्या घरमालकांबद्दल.

त्यांचं नाव फाटकावरच्या पाटीवर होतं, पण गावात ते कुणी वापरत नसे. लहानथोर सगळे त्यांना ‘कंट्रोलर साहेब’ म्हणत. एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली होती. काही वर्षं जालन्याला, बाकी सगळी अंबडला. जाळीच्या खिडकीमागं बसायचं, माईक तोंडाशी ओढायचा आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते सांगायचं. निवृत्त झाले तेव्हा माईक स्टँडवर राहिला आणि आवाज घरी आला. काकू म्हणायच्या, “उलटं झालं असतं तर बरं झालं असतं.”

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला ओसरीवरच थांबवलं आणि विचारलं, “कुठून कुठं?”

“जालन्याहून आलोय. इथल्या हायस्कुलात लागलोय.”

“लगीन?”

“अजून नाही.”

“म्हणजे विनाथांबा हाय गाडी,” ते म्हणाले. मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “सकाळी जल्दी उठता का?”

“उठेन की.”

“मंग बागेत यावं लागंल. रोज. माझ्यासंगं. खोलीचं काय ते काकूशी बोला, बागेचं माझ्याशी.”

“अहो, त्याला आधी न्हाणी तरी दाखवा!” आतून काकूंचा आवाज आला. त्यांचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. पुढं तीन वर्षं मी त्या घरात राहिलो. काकू एकूण फार बोलल्या नाहीत, पण बोलल्या त्यातलं एकही वाक्य वाया गेलं नाही.

साहेब मात्र दिवसभर बोलत. दूधवाला उशिरा आला की ते ओसरीवरून जाहीर करत, “गायीचं दूध अनिश्चित काळ उशिरा धावत आहे.” जावयाचा फोन आला की, “पुण्याहून येणारे जावई या आठवड्यात रद्द करण्यात आले आहेत.” आवाज तोच, नाकातून थोडा, शेवटच्या शब्दावर चढणारा. बाजारात तो आवाज कानावर पडला की अंबडच्या माणसाचा हात आपोआप पिशवीवर जायचा. एवढी वर्षं त्या आवाजामागं लोक पळाले होते. अंगारकीला राजूरच्या जादा गाड्या सोडायच्या असल्या की अख्ख्या गर्दीला ते नुसत्या आवाजानं रांगेत उभं करत, असं जुने लोक अजून सांगतात.

“माणसाला उशीर चालतो, मास्तर,” ते मला म्हणत. “फक्त उशीर हाय हे त्याला सांगाया पाहिजे. सांगितलं की तो खाली बसतो, शेंगा सोलतो. न्हाई सांगितलं की काचा फोडतो.”

आता बागेबद्दल. बाग म्हणजे फार काही डोळ्यांपुढं आणू नका. एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाच्या माणसानं ‘जपा बरं’ म्हणावं, एवढी. निजामाच्या राजवटीत तिथं कचेरीचा तबेला होता. त्यातलं आता उरलंय ते एवढंच: उर्दू अक्षरं झिजलेली एक कमान, घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद, आणि घोडे बांधायचे भोकं पाडलेले दगड. बाकी एक मोठी चिंच, एक घसरगुंडी, चार-सहा बाक, आणि फिरायला मुरूम-खडी टाकून केलेली गोल वाट.

या हौदाचा इतिहास साहेब रोज सांगत आणि रोज वेगळा सांगत. कधी तिथं सुभेदाराची पांढरी घोडी पाणी प्यायची आणि दुसऱ्या घोड्यानं तोंड लावलं तर आठवडाभर उपाशी राहायची. कधी रझाकारांच्या दिवसांत कुणीतरी त्याच हौदात बुडी मारून, कमळाच्या देठातून श्वास घेत दिवस काढला होता. एकदा जालन्याची सहल आली तेव्हा तर हौदावर हत्ती आला. मुलं गेल्यावर मी म्हणालो, “साहेब, परवा तर घोडी होती.”

“परवा ऐकणारे तुम्ही एकलेच होते,” ते म्हणाले. “तुमच्या एकट्यासाठी हत्ती काढायचा का?”

कमानीवरची अक्षरं ते बोट फिरवून खणखणीत वाचून दाखवत. त्यांना उर्दू येत नव्हती. एकदा एक मौलवीसाहेब शेजारून जाता जाता थांबले, सगळं वाचन शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कंट्रोलर साब, लिखा तो कुछ और है, लेकिन आपका भी अच्छा है.”

साहेबांनी हे प्रमाणपत्र मानून घेतलं.

बागेतल्या प्राण्यापक्ष्यांना त्यांनी आपल्या खात्यात रीतसर सामावून घेतलं होतं. गोदावरीकडून सकाळी बगळ्यांची रांग यायची. साहेब मान वर करून म्हणायचे, “शहागड-वडीगोद्रीमार्गे अंबडला येणारे बगळे आज थोडे उशिरा येत आहेत. तसदीबद्दल क्षमस्व.” कमानीच्या भोकात पिंगळ्यांचं जोडपं राहायचं, ती ‘मुक्कामी गाडी’. हौदाच्या फुटक्या पन्हाळीतून मुंगसं निघायची. ती ‘जादा’, म्हणजे त्यांचं वेळापत्रक नसतं. आणि चिंचेवरची वटवाघळं तिन्हीसांजेला निघाली की, “रातराणी सुटली.” चिंचेखाली रोज सकाळी हास्य क्लबवाले हात वर करून हसत. त्यांच्याकडं ते बघतही नसत. फक्त मोठ्यानं म्हणत, “विनाकारण हॉर्न वाजवू नये.”

माझी बदली होऊन आता मी वडीगोद्रीला आलोय. इथंही सकाळी बगळे डोक्यावरून अंबडच्या दिशेनं जातात. गाडी वेळेवर सुटली एवढं मी मनातल्या मनात म्हणतो. मोठ्यानं म्हणायची माझी छाती होत नाही.

या एवढ्या आनंदी माणसाच्या मनात एकच काटा होता, आणि तो टिटवीचा होता.

उन्हाळा तापला की टिटवीचं एक जोडपं बागेत यायचं आणि तिथल्या खडीतच उघड्यावर अंडी घालायचं. आमच्या भागात टिटवीनं अंडी कुठं घातली यावरून लोक पावसाचा अंदाज बांधतात. उंचवट्यावर घातली तर पाणी भरपूर, सखल जागी घातली तर जेमतेम. त्यामुळं अंडी दिसली की माणसं बघायला येणार हे ठरलेलं. मी राहायला येण्याआधीच्या उन्हाळ्यात साहेबांना ती अंडी पहिल्यांदा दिसली आणि त्यांना राहवलं नाही. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी आपल्या त्या आवाजात जाहीर केलं, “बागेत टिटवीची अंडी लागलेली आहेत.”

बाजाराचा दिवस होता. सगळा तालुका बागेत लोटला. जो तो वाकून बघतोय, मागचा पुढच्याला ढकलतोय, उंच का सखल यावर दोघांची जुंपलीय. गर्दी पांगल्यावर साहेब बघायला गेले तर खडीत नुसता चिकचिकाट होता. टिटवी अंधार पडेपर्यंत वर ओरडत फिरत राहिली.

हे मला काकूंनी सांगितलं. साहेब एवढंच म्हणाले, “पाऊस बघाया आले आन् अंडीच तुडवून गेले. आन् बोलावलं कुणी? म्याच.” त्यानंतर महिनाभर त्यांनी घरात दूधसुद्धा जाहीर केलं नव्हतं म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात अंडी कुत्र्यांनी नेली. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी साहेब मला म्हणाले, “मास्तर, हजारो गाड्या सोडल्या म्या. ही एक गाडी माझ्या स्टँडवरून सुटलेली मला बघायची हाय. यंदा पिल्लं आपल्या पायानं चालत गेली पाहिजेत. बस.”

आवाज न चढवता ते बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

शाळेला सुट्टी लागली होती. जालन्याला घरी गेलो असतो तर आईनं रोज एक स्थळ दाखवलं असतं, म्हणून मी अंबडलाच राहिलो होतो. एका सकाळी घसरगुंडीजवळच्या मुरमाच्या ढिगावर मला टिटवी बसलेली दिसली. पाय पोटाखाली घेऊन, पिसं फुगवून, अगदी बाळंतिणीसारखी. मी जवळ गेलो तशी ती उठली आणि घाई न करता चालत निघून गेली. मी वाकलो. ढिगाच्या माथ्यावर मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी! जन्म गेला जालन्यात, लोखंडाच्या भट्ट्या आणि बियाण्यांची दुकानं यांच्यामध्ये. टिटवी ऐकून माहीत होती, पण तिचं घर बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी पळत जाऊन साहेबांना घेऊन आलो. ते हात मागं बांधून वाकले. अंड्यांकडं बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं त्याहून जास्त वेळ पाहिलं.

“बराबर,” ते म्हणाले. “हीच. कुणाला बोलले का?”

“छे! कुणालाच नाही.”

“मंग बोला.”

“पण साहेब, मागं एकदा बोलल्यामुळंच तर—”

“तवा राखायला कोण होतं? आता तुम्ही हायेत.” त्यांनी काखेतली काळी छत्री माझ्या हातात दिली. “उन्हानं अंडी शिजतील. बसा. बिलकुल हलायचं न्हाई.”

अशी जबाबदारी माझ्यावर तोवर कुणी टाकली नव्हती. शाळेत स्नेहसंमेलनाला पडदा ओढायचं काम असायचं, तेवढंच.

त्याच सुमाराला त्यांनी माझ्याकडून एक पाटी रंगवून घेतली: ‘रंग ओला आहे. बसू नये.’ अक्षर मी झोकात काढलं. ती पाटी त्यांनी हौदाजवळच्या आपल्या नेहमीच्या बाकाला बांधली आणि स्वतः हौदाच्या काठावर बसायला लागले. पाटीवरचा माझा रंग घटकाभरात वाळला. बाकाचा रंग मात्र पुढं कितीतरी दिवस ओला होता. रंगांचंच काम करतो मी. निदान इथं तरी मला संशय यायला हवा होता. आला नाही.

मी ढिगाभोवती सुंभ बांधला आणि आत ठाण मांडलं. लोक यायला लागले. आधी फिरायला येणारे, मग चहाच्या टपरीवरचे, मग बाजाराला आलेले खेड्यापाड्यांचे. “ढिगावर घातली म्हंजी उंचावर घातली. यंदा पाणी हाय बरं,” असं म्हणत माणसं खुशीत परत जायची. मी त्यांना अंड्यांच्या रंगाबद्दल सांगायचो. निसर्ग हा सर्वांत मोठा चित्रकार, वगैरे. कुणीतरी मोबाईलवर माझा फोटो काढला आणि ‘अंबडचे पक्षिप्रेमी कलाशिक्षक’ असं लिहून सगळ्या ग्रुपवर फिरवला. मुख्याध्यापकांचा अभिनंदनाचा फोन आला. आईचाही आला. ती म्हणाली, “पाखरांचे संसार सांभाळतोस, तुझा कधी मांडतोस?”

टिटवी माझ्याकडं फारशी फिरकत नव्हती. पहिले दोन-चार दिवस लांबून बघून गेली, पुढं तेही नाही. मी साहेबांना काळजीनं विचारलं.

“तुमच्यावर विश्वास बसलाय तिचा,” ते म्हणाले. “तिनं ड्यूटी बदलून घेतली.”

हे ऐकून मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हेही सांगून टाकतो.

मग एका बाजाराच्या दिवशी वडीगोद्रीकडच्या एक आजी आल्या. लेक बाजार करून येईपर्यंत सावलीला बसायचं म्हणून आल्या होत्या. सुंभाबाहेर बरीच मंडळी उभी होती, माझं व्याख्यान रंगात होतं. आजींनी ते सगळं ऐकून घेतलं.

“मास्तर, लई दिसांपासून बसलात म्हनं?”

“हो, आजी.”

“टिटवी कवा येती?”

“ती येते मधूनमधून. आता माझ्यावर सोपवलंय तिनं.”

आजी गुडघ्यावर हात देत उठल्या, सुंभ वर करून आत आल्या, आणि मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत त्यांनी दोन अंडी उचलून एकमेकांवर आपटली. टक्!

आजींनी पुन्हा एकदा आपटली. टक्, टक्! आणि ती माझ्या तळहातावर ठेवत म्हणाल्या, “ह्यातून काई निघालंच, मास्तर, तर वरवंटा निघंल.”

चिंचेखालचा हास्य क्लब पहिल्यांदाच काहीतरी कारण मिळून हसला. त्यांच्यातल्या दोघांना तर नंतर पाणी द्यावं लागलं. मी हातात खडे घेऊन छत्रीखाली तसाच बसून होतो. ऊन लागून शिजेल असं आता तिथं काहीच नव्हतं, पण छत्री मिटायची कशी हे मला सुचेना.

हसणं ओसरलं आणि कुणीतरी म्हणालं, “मंग खरी कुठं हायेत?”

झालं. टिटवी बागेत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे अंडी असणारच. माणसं खाली बघत चहूकडं पांगली. कुणी कमानीकडं, कुणी वाटेवरच्या खडीत पायानं चाचपत. मी साहेबांकडं पाहिलं. ते हौदाच्या काठावरून उठून उभे राहिले होते, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उतरला होता. एक जण बाकापाशी पोचला. पाटी वाचली. बोट लावून पाहिलं.

“वाळलाय की कवाचा!” असं म्हणून तो बाकाच्या मागं वळला, आणि त्याच क्षणी मागच्या खडीतून टिटवी किंचाळत वर उडाली.

सगळी बाग तिकडं वळली. घोडे बांधायच्या दोन दगडांच्या मधे, बाकाच्या आडोशाला, टिटवीची खरी अंडी होती. साहेब इतके दिवस हौदावर पाठ करून बसत होते ते या अंड्यांकडं. गर्दीचा पहिला पाय उचलला गेला.

साहेब हौदाच्या काठावर चढले. गळा साफ केला. आणि बागेच्या चारी कोपऱ्यांत तो आवाज घुमला:

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! अंबडहून वडीगोद्रीमार्गे शहागडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे! घनसावंगीला जाणाऱ्या प्रवाशांनी फलाट क्रमांक तीनवर जावे! गाडी लगेच सुटेल! प्रवाशांनी घाई करावी!”

मी शपथेवर सांगतो, उचललेले पाय हवेत थांबले. आजींनी पिशवी छातीशी धरली. कुणीतरी “अरे, चल चल, जागा धर!” म्हणून ओरडलं आणि सगळा जमाव वळून फाटकाकडं पळत सुटला. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं असे अंबडचे रहिवासीही त्यात होते. हास्य क्लबचे अध्यक्षसुद्धा होते. सगळ्यांच्या पुढं आजी होत्या. रस्त्यावर पोचल्यावर सगळ्यांना उमगलं की आपण स्टँडवर नव्हतोच. एक जण परत फाटकात येऊन म्हणाला, “साहेब, गाडी कुठंय?”

“लागत आहे म्हणलो,” साहेब म्हणाले. “लागली म्हणलो का?” आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

रस्त्यावर मोठा हशा झाला. पण साहेबांनी हे कशापायी केलं ते आता सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. आत कुणी आलं नाही. मघाशी बोट लावून रंग पाहणाराच सगळ्यात आधी म्हणाला, “राहू द्या रे, म्हातारं येडं झालंय तिच्यापायी.” ते त्यानं प्रेमानं म्हटलं होतं.

मी मात्र चिडलो होतो. “तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं? हे खडे आहेत म्हणून?”

“हो.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर इतक्या मनापासून बसले असते का?” ते हौदाच्या काठावर टेकले, दम लागला होता. “टिटवी बी हेच करून राह्यली, मास्तर. कुणी आलं की खोट्याच जागी जाऊन बसती, अंडी तिथंच हायेत असं दाखवती. तुम्हाला बी तिनंच गंडवलं. मंग म्या म्हणलो, तिचं काम पुढं चालू ठेवावं. तिला पंख हायेत, मला भाडेकरू हाय.”

छत्रीच्या टोकानं त्यांनी मला खरी अंडी दाखवली. मी निरखून पाहिलं. खडी, खडी आणि खडी. “दिसली, दिसली,” मी म्हणालो.

आता गावात तोंड कसं दाखवायचं, हा एक प्रश्न होताच. त्याहून मोठा म्हणजे, माझ्या खड्यांवर भरवसा ठेवून कुणी पेरणीचं ठरवलं असेल तर? दुसऱ्या दिवशी टपरीवर मी एका शेतकऱ्यापाशी भीत भीत हे काढलं. तो चहा सांडेपर्यंत हसला. “मास्तर, पेरणी आम्ही जमिनीतली वल बघून करतो. टिटवी बघाया येतो ते सासुरवाडीला जावं तसं. मान म्हणून.”

तेवढी काळजी मिटली. तरी मी बागेत जायचं सोडलं. खोलीचं दार लावून बसलो. काकूंनी धपाटे आणून ठेवले आणि म्हणाल्या, “बसा. कुठं तरी बसायचंच हाय तुम्हाला.”

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी उजाडता उजाडता दारावर थाप पडली. साहेब होते. काही जाहीर केलं नाही. अगदी हळू म्हणाले, “काल अंड्याला चोच लागली. आतून.”

त्यांच्यामागं काकू उभ्या होत्या, हातात धुणं वाळत घालायची काठी. काकू बागेत कधी येत नसत. ‘घरात एक स्टँड पुरे,’ म्हणायच्या. मी राग गुंडाळून चपला घातल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पिल्लं बाहेर आलेली होती. टिटवी बाकामागून निघून फिरायची वाट ओलांडत होती, पलीकडं हौदाच्या गळक्या पन्हाळीच्या ओलीकडं. तिच्यामागं पिल्लं, असं साहेब म्हणाले. नेमकी तीच वेळ फिरायला येणाऱ्यांची. वळणावरून हास्य क्लब येत होता, आणि कमानीपाशी एक लंगडं कुत्रं कान टवकारून उभं होतं. साहेब वाटेच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. काकू काठी घेऊन कुत्र्यावर चालून गेल्या. मला काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी मधे उभा राहिलो.

क्लबवाले थबकले. कुणी हसलं नाही. साहेबांचं तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

“अहो, बोला की,” काकू लांबून म्हणाल्या. “तुमची गाडी सुटली.”

साहेबांनी नुसती मान हलवली. डोळे पुसावेत तर हात पसरलेले, म्हणून तसेच उभे राहिले. पिल्लं ओलीला पोचली, गवतात शिरली. आपल्या पायांनी.

आणि मग टिटवीच्या नरानं सगळ्यांचा समाचार घ्यायला सुरुवात केली. सूर मारून आला तो थेट साहेबांच्या टोपीवर, टोपी हौदात. फिरून आला तो काकूंच्या पदरावर. मग क्लबच्या अध्यक्षांच्या टकलाजवळून असा गेला की ते वाटेवर बसलेच. कुत्र्याला तर त्यानं फाटकापर्यंत पोचवलं. फाटकाबाहेर दूधवाला उभा होता, त्यालाही सोडलं नाही.

मी मधोमध उभा होतो. माझ्या अंगावर तो आला नाही. मी वाट पाहिली. जरा पुढं सरकलो, मान वर केली, हातसुद्धा हलवून पाहिला. तो माझ्या डोक्यावरून जायचा आणि दुसऱ्याच कुणाला तरी मारायचा. मला भरून आलं. इतके दिवस उन्हात बसलो ते अगदीच वाया गेलं नाही, असं वाटलं.

“पाहिलंत, काकू?” मी म्हणालो. “मला काही करत नाही. ओळखतो तो मला.”

काकूंनी पदर सावरला, काठी काखेत मारली आणि माझ्या चपलेपाशी बोट दाखवलं. तिथं खडीत अंग चोरून, श्वाससुद्धा न घेता, मागं राहिलेलं एक पिल्लू बसलं होतं.

“ओळखतो तर,” काकू म्हणाल्या. “ह्या मास्तरला काई दिसत न्हाई, हे त्याला बी कळलंय.”